चौसष्ट कला, साठ चौकोन

'चौदा विद्या आणि चौसष्ट कला' हा शब्दप्रयोग आपण इतक्या सहजपणे करतो, की त्या याद्यांत नेमके काय आहे हे पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'तील कलांची यादी एकदा सावकाश वाचून पाहावी. गायन, वादन, नृत्य ही अपेक्षित नावे आरंभीच येतात. पण पुढे फुलांच्या माळा गुंफणे, मेंढे-कोंबडे-लावे ह्यांच्या झुंजी लावणे, पोपट-मैनांना बोलायला शिकवणे, सांकेतिक भाषा जाणणे अशीही नावे येत जातात. एका माणसाने एका आयुष्यात हे सगळे करावे, अशी अपेक्षा खुद्द वात्स्यायनाचीही नसावी. मग यादी कशासाठी? मला वाटते, ही यादी वापरण्यासाठी कमी आणि एका प्रकारच्या माणसाचे वर्णन करण्यासाठी अधिक आहे. नागरक कोण? तर ज्याच्या अवतीभवती ह्या चौसष्ट शक्यता वावरत असतात, तो.

म्हणजे यादीची कामे दोन. एक उपयोगाचे आणि दुसरे ओळखीचे. ही दोन कामे एकमेकांच्या आड येऊ लागली की काय होते, हा प्रश्न मला साहित्याच्या वर्गात पडायला हवा होता. मी मराठी शिकवते. पण तो पडला एका संगणकीय खेळात. गेली बरीच वर्षे मी तो खेळते आहे, आणि आमच्या व्यवसायातल्या लोकांना ही गोष्ट सांगितली की त्यांच्या चेहऱ्यावर जे सौजन्य पसरते त्याची मला आता सवय झाली आहे. तरी हा विषय आपल्याच प्रांतातला आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते. तो मूलतः शब्दसंग्रहाचा आणि संपादनाचा विषय आहे.

*

खेळाचे नाव 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. अमेरिकेत तो २३ नोव्हेंबर २००४ रोजी सुरू झाला आणि आजही चालू आहे. हजारो माणसे एकाच काल्पनिक जगात एकाच वेळी वावरतात. प्रत्येकाचे एक पात्र असते आणि त्या पात्राचा एक वर्ग असतो. योद्धा, धर्मगुरू, चोर, शिकारी, शमन असे हे वर्ग. पात्र जसजसे वरच्या पातळीवर जाते, तसतशा त्याला नव्या शक्ती मिळतात. इंग्रजीत ह्या शक्तींना वेगवेगळी पारिभाषिक नावे आहेत. मी त्यांना 'विद्या' म्हणते, कारण आरंभीच्या काळात त्या खरोखरच विद्येसारख्या मिळत. दर दोन पातळ्यांनी आपापल्या वर्गाच्या गुरूकडे जायचे, नाणी मोजायची आणि नवी विद्या घेऊन बाहेर पडायचे.

२००७ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या आतेभावाने, दादाने, सुटीवर येणाऱ्या एका स्नेह्याबरोबर ह्या खेळाची पेटी मला पाठवली. आमच्या भेटी चार-पाच वर्षांतून एकदा होत. पत्रे थांबली होती, फोनवरची संभाषणे प्रकृती आणि हवामान ह्यांच्यापुढे जात नव्हती. उन्हाळ्यात पुण्यात पहाटेचे सहा वाजलेले असताना त्याच्याकडे आदल्या रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. त्या दीड-दोन तासांत आम्ही पुन्हा एकमेकांच्या सहवासात राहू लागलो. तो शमन झाला, मी शिकारी. तो विजा पाडी, खांब रोवी, जखमा भरी. मी बाण मारी आणि माणसाळवलेले एक रानडुक्कर घेऊन हिंडे.

विद्या पडद्याच्या तळाशी चौकोनांच्या पट्टीत मांडलेल्या असतात. एका पट्टीत बारा चौकोन आणि प्रत्येक चौकोनाला कळफलकावरची एक कळ. आरंभी दोन-तीनच चौकोन भरलेले असतात. पुढे पहिली पट्टी भरते, तिच्यावर दुसरी येते, मग तिसरी, मग उजव्या कडेला उभ्या दोन. त्या काळी पाच पट्ट्या एकत्र मांडता येत. पाच गुणिले बारा, म्हणजे साठ चौकोन. वात्स्यायनाच्या यादीला फक्त चार कमी. आता ह्या खेळाचा एक मूलभूत नियम लक्षात घ्यावा. बहुतेक विद्या वापरल्यानंतर सुमारे दीड सेकंद दुसरी विद्या वापरता येत नाही. काही विद्या ह्या नियमातून सुटलेल्या असतात, पण ढोबळ हिशेब असा की मिनिटाला चाळीस कळा. साठ चौकोन एकेकदा दाबायचे म्हटले तरी दीड मिनिट लागेल, आणि पुष्कळशा लढाया तेवढ्या वेळात आटोपतात. तरीही आम्ही साठ चौकोन भरत होतो, आणि भरलेल्या पट्ट्यांकडे पाहून आम्हाला श्रीमंत झाल्यासारखे वाटे.

*

यादी का वाढते, ह्याचे कारण साधे आणि आर्थिक आहे. असा खेळ पूर्ण होत नाही. दर दोन वर्षांनी त्याचा एक नवा खंड निघतो, आणि तो विकत घ्यायला लावील असे काही त्यात असावे लागते. नवा प्रदेश, नवे शत्रू, आणि अर्थातच नव्या विद्या. पहिल्या आवृत्तीत पात्राची कमाल पातळी साठ होती. २००७ च्या खंडात ती सत्तर झाली, २००८ च्या खंडात ऐंशी. पुढे पंच्याऐंशी, नव्वद, शंभर, एकशे दहा असे करीत २०१८ मध्ये ती एकशे वीसवर पोचली. प्रत्येक चढणीवर काहीतरी द्यावे लागते, आणि एकदा दिलेले परत घेणे कठीण असते. कारण ती विद्या एव्हाना कोणाच्या तरी हाताच्या सवयीत जाऊन बसलेली असते. बोटांना जे पाठ झाले आहे ते काढून घेणे आणि मनाला जे पाठ झाले आहे ते काढून घेणे, ह्यांत फार अंतर नाही.

ह्या वाढीवर निरनिराळ्या खेळांनी निरनिराळे उपाय केले. सर्वांत जुना उपाय मर्यादेचा आहे, आणि त्याचे मूळ चक्क साहित्यात आहे. जॅक व्हान्स ह्यांच्या 'द डाइंग अर्थ' (१९५०) ह्या कथासंग्रहातले जादूगार मोजकेच मंत्र डोक्यात बाळगू शकतात. मंत्र इतका अवजड असतो, की मोठ्या साधकालाही एका वेळी चार प्रखर किंवा सहा सौम्य मंत्रच पेलवतात. आणि मंत्र उच्चारला की तो स्मृतीतून पुसला जातो. १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा बैठा भूमिका-खेळ निघाला, तेव्हा गॅरी गायगॅक्स ह्यांनी ही कल्पना उचलली आणि तसे मोकळेपणाने सांगितलेही. तिथून ती १९९९ च्या 'एव्हरक्वेस्ट'मध्ये आली. मंत्रपोथीत मंत्र कितीही असोत, एका वेळी आठच 'रत्ने' जवळ बाळगता येत. मंत्र बदलायचा तर खाली बसून पोथी उघडावी लागे, आणि खालच्या पातळीवर असताना ती उघडली की पडदाभर तीच दिसे. जग दिसेनासे होई. वाचनासंबंधी इतके नेमके रूपक मला समीक्षेच्या पुस्तकांतही क्वचितच भेटले आहे. २००५ च्या 'गिल्ड वॉर्स'ने हीच मर्यादा सौंदर्यतत्त्व म्हणून स्वीकारली. हजाराहून अधिक विद्यांपैकी गावाबाहेर पडताना फक्त आठ घ्यायच्या, त्यांतही अव्वल दर्जाची फक्त एक. तिथे खेळाडूची ओळख त्याच्याजवळ काय आहे ह्यावरून होत नसे, तर त्याने काय मागे ठेवले ह्यावरून होत असे. वृत्तबद्ध रचना करणाऱ्या कवीला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरा उपाय आदेशाचा. नव्या रूपाने जुन्या रूपाची जागा घ्यायची. 'फायनल फँटसी फोर्टीन' हा खेळ २०१३ मध्ये नव्याने उभा राहिला. त्यात शुभ्र मंत्रिकेचा दगड फेकण्याचा मंत्र पातळीगणिक बलवान होत जातो आणि २०१९ च्या खंडापासून शेवटी प्रकाशाच्या झोताचे रूप घेतो. चौकोन मात्र तोच राहतो. गंमत अशी, की ह्या खेळात जुन्या गुहेत शिरताना पात्राची पातळी त्या गुहेच्या मानाने खाली आणली जाते आणि प्रकाशाचा पुन्हा दगड होतो. प्रौढपणी आपण गावच्या घरी गेलो की आपली भाषा जशी आपोआप मागे सरकते, तसेच काहीसे.

तिसरा उपाय खेळाडूंनीच शोधला, तो सूत्राचा. वॉरक्राफ्टमध्ये अनेक विद्या एका कळीखाली गुंफणारी छोटी आज्ञावली लिहिता येते. तिला २५५ अक्षरांची मर्यादा असते. शत्रू समोर असेल तर ही विद्या, मित्र असेल तर ती. अमुक कळ दाबून धरली असेल तर तिसरी. सुमारे चार हजार सूत्रांत भाषा बसवणाऱ्या पाणिनीच्या देशातली मी. एकेक अक्षर वाचवण्यासाठी केलेली ती धडपड मला परकी वाटली नाही. ज्यांना सूत्रे जमली नाहीत त्यांच्यासाठी बाजार होताच. २००९ साली रेझर कंपनीने 'नागा' नावाचा माऊस काढला, त्यावर एकट्या अंगठ्यासाठी बारा कळी होत्या.

आणि चौथा उपाय छाटणीचा. माझा मुख्य विषय तोच आहे.

*

वॉरक्राफ्टमधली पहिली मोठी छाटणी २०१० च्या ऑक्टोबरात झाली. तोवर प्रत्येक मंत्राच्या पायऱ्या असत. पहिल्या पायरीचा उपचार-मंत्र, दुसऱ्या पायरीचा, असे करीत पुढे. वरची पायरी मिळाली की खालची निरुपयोगी, असे वरकरणी वाटे. पण आरंभीच्या वर्षांत कसलेले उपचारक मुद्दाम खालच्या पायऱ्या जवळ ठेवीत. जखम लहान असेल तर लहान मंत्र, म्हणजे शक्तीचा अपव्यय टळे. नंतरच्या खंडांतील बदलांनी ह्या युक्तीतला लाभ संपत गेला, आणि २०१० मध्ये पायऱ्याच काढून टाकण्यात आल्या.

हे वाचताना मला आपल्या लेखनातल्या अनुच्चारित अनुस्वारांची आठवण होते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी ते गेले. उच्चार होत नाही तर लिहायचे कशाला, हा युक्तिवाद बिनतोड होता. पण 'तें' म्हटले की घर, आणि 'ते' म्हटले की पुरुष, हा भेद त्या मुक्या टिंबात साठवलेला होता. आज दोन्ही 'ते'च आहेत, आणि संदर्भाने सारे कळते हेही खरे. कोणाचे काही अडलेले नाही. तरी माझे विद्यार्थी जुने पुस्तक उघडून हे टिंब छापखान्याची चूक आहे का असे विचारतात, तेव्हा त्यांना उत्तर देताना मला दर वेळी क्षणभर थांबावे लागते.

त्याच ऑक्टोबरात शिकाऱ्यांचे बाण गेले. तोवर बाण विकत घ्यावे लागत, दोनशे-दोनशेच्या जुड्या भात्यात भराव्या लागत, आणि ऐन लढाईत ते संपतही. ही कटकटच होती. ती गेली ह्याचा मला आनंद झाला, असे म्हणायला हवे. पण बाणांबरोबर आणखी एक विद्या गेली, 'आइज ऑफ द बीस्ट'. शिकारी जागच्या जागी निश्चल होई आणि एक मिनिटभर आपल्या प्राण्याच्या डोळ्यांनी पाही, त्याच्या पायांनी चाले. आपल्याकडे ह्याला सुंदर शब्द आहे: परकायाप्रवेश. लढाईच्या दृष्टीने तिचे मूल्य जवळजवळ शून्य. आम्ही तिचा वापर काय करायचो? मी डोंगरकड्यावर बसून राही, दादा माझ्या निर्जीव देहाची राखण करी, आणि मी रानडुक्कर होऊन खालच्या गुहेत डोकावून येई. 'काय दिसलं?' तो विचारी. मी सांगे. हा आमच्या खेळातला कदाचित सर्वांत मोठा भाग होता आणि त्याने आम्हाला कधीही एक गुण मिळवून दिला नाही.

दादाची 'सेंट्री टोटेम'ही त्याच वेळी गेली. शमन हा पहाऱ्याचा खांब रोवी आणि दूर गेला तरी त्या खांबाच्या जागेवरून पाहू शके. हिची निरुपयोगिता खेळाडूंमध्ये विनोदाचा विषय होती. ती गेल्यावर तो मला म्हणाला, 'मी वर्षभरात एकदाही रोवला नसेल. पण रोवू शकत होतो ना.'

पुढे २०१४ मध्ये ह्याहून मोठी छाटणी झाली, आणि त्या वेळी निर्मात्यांनी 'छाटणी' हाच शब्द उघडपणे वापरला. २०१६ मध्ये पुन्हा एक झाली. त्यांची बाजू दुबळी नव्हती. विद्या केवळ संख्येने वाढत नाहीत, त्यांचे परस्परसंबंध वाढतात. प्रत्येक नव्या विद्येचा तोल बाकीच्या सर्वांशी जमवावा लागतो. नवख्या माणसाला पन्नास कळांची भिंत दाखवली तर तो दारातूनच परततो. वर्गावर्गांत फरक उरत नाही, कारण शेवटी सर्वांजवळ सर्व काही जमा होते. हे सारे मान्य करूनही, छाटणीचा निकष कोणता हा प्रश्न उरतो. निकष नेहमी उपयोगाचाच असे. किती जण वापरतात, किती वेळा वापरतात, दुसऱ्या कशाने तेच काम होते का. ह्या तिन्ही कसोट्यांवर परकायाप्रवेश नापास होतो. मेंढ्यांच्या झुंजी आणि बोलक्या मैनाही होतील.

*

ग्रंथाची छाटणी कशी करावी, ह्याचे एक थोर उदाहरण आमच्या पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि १९६६ मध्ये मूळ संहितेचे प्रकाशन पुरे केले. महाभारत हाही एका अर्थाने न संपणारा खेळच. प्रत्येक प्रदेशाने, प्रत्येक शतकाने त्यात आपापला खंड घातलेला. देशभरातल्या हस्तलिखितांची तुलना करून संपादकांनी असंख्य श्लोक संहितेबाहेर काढले. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो ही आपल्या बालपणापासूनची कथाही संहितेबाहेर गेली. पण गेली म्हणजे कुठे गेली? ती आदिपर्वाच्या परिशिष्टात आहे. पाठभेद पानाच्या तळाशी आहेत, मोठे प्रक्षेप परिशिष्टात आहेत; संपादकाचा निर्णय ज्याला पटत नाही त्याला तो उलटवण्याची सारी सामग्री त्याच ग्रंथात दिलेली आहे. विष्णु सीताराम सुखटणकरांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली होती. ही व्यासांची मूळ रचना असल्याचा दावा नाही, हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येते तितके मागचे हे रूप आहे.

खेळांच्या जगातही 'मूळ संहिते'कडे परतण्याची ओढ निर्माण झाली. 'रूनस्केप'ने २०१२ च्या नोव्हेंबरात लढाईची पद्धत मुळापासून बदलून विद्यांच्या पट्ट्या आणल्या. खेळाडू इतके बिथरले, की पुढच्याच फेब्रुवारीत कंपनीने मतदान घेऊन ऑगस्ट २००७ च्या एका जतन केलेल्या प्रतीवरून जुना खेळ पुन्हा सुरू केला. वॉरक्राफ्टचीही 'क्लासिक' आवृत्ती ऑगस्ट २०१९ मध्ये आली. तीही पहिल्या दिवसाची प्रत नव्हती. २००६ सालच्या, पहिला खंड निघण्यापूर्वीच्या शेवटच्या रूपावर ती आधारलेली होती. जितके मागे जाता आले तितके मागे. सुखटणकरांनी ही सावधगिरी ओळखली असती, असे मला वाटते.

*

त्याच वर्षी, २०१९ च्या हिवाळ्यात, दादाला पक्षाघाताचा झटका आला. वाचा काही महिन्यांत बरीचशी परतली. उजवा हात मात्र परतला नाही.

इथवर यादीचा प्रश्न माझ्यासाठी रुचीचा आणि स्मृतीचा होता. आता तो हाताचा झाला. हा खेळ दोन हातांचा आहे, डावा कळफलकावर आणि उजवा माऊसवर. डाव्या हातासाठी घडवलेला, अंगठ्याखाली बारा कळी असलेला एक माऊस त्याच्या मुलीने शोधून आणला. माऊसची दोन्ही मुख्य बटणे एकदम दाबली की पात्र पुढे चालते, त्यामुळे एका हाताने हिंडता येते. म्हणजे एकूण विद्या बारा. त्याच्या शमनाजवळ तेव्हा, दोन छाटण्या होऊन गेल्यावरही, तीस-बत्तीस होत्या.

फोनवर बसून आम्ही ते संपादन केले. तीन रकाने आखले: मारण्यासाठी लागणाऱ्या, न मरण्यासाठी लागणाऱ्या, आणि इतर. पहिल्या रकान्यातून सात निघाल्या. दुसऱ्यातून तीन. अकरावी, लांडग्याचे रूप घेऊन वेगाने धावण्याची; तिच्याशिवाय त्या जगात हिंडणे अशक्य. एक जागा उरली. मी 'विंड शिअर' सुचवली, शत्रूचा मंत्र अर्ध्यावर तोडणारी. कोणताही जाणकार तेच सुचवील. दादाने 'फार साइट' मागितली. ही तिसऱ्या रकान्यातली विद्या. शमन उभा राहतो तिथेच राहतो, पण त्याची दृष्टी दूरच्या टेकडीवर, तळ्यापलीकडे जाऊन येते. लढाईत तिचा उपयोग नाही.

'मंत्र तोडायला बरोबर तू आहेस,' तो म्हणाला. 'पण जिथं जाता येत नाही तिथं बघता यावं म्हणून ही एकच आहे. ती काढलीस तर मी नुसता वीज पाडणारा खांब.'

मी वाद घातला नाही. संपादकाला संहिता सुचवता येते. ती कोणाच्या अंगठ्याखाली राहणार, हे संपादकाने ठरवायचे नसते.

२०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या खंडाने छाटलेल्या पुष्कळ विद्या परत दिल्या. कमाल पातळी एकशे वीसवरून पुन्हा साठवर आली, आणि दहा वर्षांनी माझा परकायाप्रवेशही परतला. त्या दिवशी मी पहाटेच उठून एक रानडुक्कर शोधायला निघाले. पण ज्या घोषणेने मला माझे डोळे परत मिळाले, तिनेच दादापुढे आणखी सात-आठ कळी आणून ठेवल्या. वापरायच्या नसतील तर पोथीत पडून राहू द्या, असे म्हणणे सोपे आहे. अवघड गुहांची काठिण्यपातळी मात्र सर्व विद्या वापरणारा माणूस गृहीत धरून ठरवलेली असते. कोणाची समृद्धी कोणाचा उंबरा होते, हे यादी लांबवणाऱ्याला दिसत नाही. आणि यादी छाटणाऱ्याला दिसत नाही ते हे, की एका हाताच्या माणसालाही निरुपयोगी असे काहीतरी हवे असते. कदाचित त्यालाच अधिक.

२०२५ च्या जूनमध्ये खेळात एक नवी सोय आली. पुढे कोणती विद्या वापरणे योग्य, तो चौकोन उजळून दाखवणारी एक. आणि तीच एक कळ पुन्हा पुन्हा दाबली की योग्य विद्या आपोआप निवडणारी दुसरी. दुसरीला दंड आहे, दोन विद्यांमधला वेळ किंचित वाढतो. ह्या सोयीबद्दल जाणत्या खेळाडूंनी जे म्हटले ते मला नवे नव्हते; मार्गदर्शके वाचून परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल आम्ही शिक्षकखोलीत तेच म्हणतो. त्यात तथ्यही आहे. कोणत्या क्षणी काय, ह्याची निवड हाच ह्या खेळाचा व्यासंग आहे, आणि तो दुसऱ्यावर सोपवला तर मागे काय राहते? दादाचे उत्तर नेहमीप्रमाणे माझ्या लेखापेक्षा आटोपशीर होते. 'ह्यानं पोट भरतं, स्वयंपाक होत नाही.'

तरीही त्याने ती कळ ठेवली. कारण तिने पाच कळांचे काम एकटीने उचलले, आणि त्याच्या बारांपैकी चार मोकळ्या झाल्या. त्या जागी तो विंड शिअर आणील, बचावाची आणखी एखादी विद्या घेईल, असा माझा अंदाज होता. विंड शिअर आली खरी. बाकीच्या तीन जागी त्याने काय मांडले ते त्याने मला पडद्याचे चित्र पाठवून दाखवले. पाण्यावरून चालण्याची विद्या. निमिषात आपल्या मुक्कामी परतण्याची विद्या. आणि तिसरी, शत्रूला बेडूक करून टाकण्याची. तीही लढाईसाठी नव्हे, बेडकाच्या उड्या बघायला बरे वाटते म्हणून.

लाघव कशासाठी, ह्या प्रश्नाचे मला सापडलेले सर्वांत समाधानकारक उत्तर त्या चित्रात आहे. उपयोगाचे तेवढे आटोपशीर करावे ते निरुपयोगाला जागा व्हावी म्हणून. दगडाचा प्रकाश करून टाका, पाच मंत्रांचे एक सूत्र करा, टिंबे पुसायची तर पुसा. पण मोकळ्या झालेल्या चौकोनात पुन्हा उपयोगच भरू नका, आणि जे काढले त्याचे परिशिष्ट नीट जपून ठेवा. दादा आता तळ्याकाठी आला की पुलाकडे वळत नाही. सरळ पाण्यावरून चालत जातो, मी पुलावरून वळसा घालून पलीकडे पोचते, आणि तो तिथे माझी वाट पाहत उभा असतो.